तेजाईच्या पेटीवरची लेक

एका राज्यात, जिथे नदी राजाला विचारून वळण घेत असे, तिथे वीरभानू नावाचा राजा राज्य करीत होता. नदीने राजाला कशाला विचारावं, असं तुमच्या मनात आलं असेल. त्या राज्याची तशी रीत होती. रीतीला कारण विचारत बसलं की गोष्ट पुढे सरकत नाही, तेव्हा गप्प ऐका.

त्या राज्याची देवी तेजाई. गाभाऱ्यात तिच्या पायाशी काळ्या धातूची पेटी होती, बसलेल्या बैलाएवढी. पेटीत राज्याचं धन होतं. वीरभानूच्या खापरपणजोबांनी धूम्रकेश नावाच्या मांत्रिकाकडून त्या पेटीवर शाप घालून घेतला होता. ज्याची तेजाईवर श्रद्धा नाही, त्याची उघडी कातडी पेटीला लागली तर तो जागच्या जागी दगड होईल. चोरांसाठी केलेली व्यवस्था होती ती. चोर दगड होत गेले आणि राज्य सुखाने झोपत गेलं.

आता राजघराण्याची रीत ऐका. मूल जन्मलं की बारशाआधी त्याला त्या पेटीवर निजवायचं. मूल हातपाय हलवत राहिलं की पुरोहित हात उंचावून सांगत, "पाहा, आपली लेकरं पोटातूनच श्रद्धा घेऊन येतात." लोक माना डोलवत. बाकीच्या देशांत श्रद्धा शिकवावी लागते, आपल्याकडे ती जन्मतःच असते, याचा त्या लोकांना कोण अभिमान. गाभाऱ्यात गारठा फार, म्हणून मूल मात्र जाड दुपट्यात गुंडाळलेलं असे, गळ्यापासून पायाच्या बोटांपर्यंत. ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या कुणाच्या ध्यानात आली नाही. ध्यानात यावी अशी कुणाची इच्छाही नसावी.

वीरभानूची राणी कुवलया ही समुद्रापलीकडची. तिच्या माहेरी तेजाईचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. लग्न होऊन आली, सासूने हात जोडले तसे हिनेही जोडले. पुढे सासू वारली आणि हात आपोआप जुळू लागले. त्यात श्रद्धा किती आणि सवय किती, हे तिने कधी उकरून पाहिलं नव्हतं. फार वाट पाहिल्यावर तिला मुलगी झाली. तिच्या माहेरी रीत अशी की देवापुढे मूल न्यायचं तर जन्मलं तसं न्यायचं, अंगावर चिंधी ठेवायची नाही. राणीने गाभाऱ्यात दुपटं सोडलं, मोठ्या मायेने उघडी लेक पेटीवर ठेवली, आणि लेक दगड झाली.

पाय झाडत होती ती तशीच थिजली. राणीने तिला उचलायला हात घातला, पण दगड पेटीतूनच कोरून काढल्यासारखा घट्ट बसला होता. राणी ओरडली नाही, रडलीही नाही. तिला काही समजलंच नाही. आत्ता हिने माझं बोट धरलं होतं, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

बातमी फुटली आणि राज्यात गोंधळ माजला. नदीही न विचारता वळू लागली. कुणी म्हणालं, राणीच्याच रक्तात खोट. कुणी म्हणालं, पोरीचं दुपटं सोडलं म्हणून देवी रागावली. एक म्हातारा बोलून गेला, "मग आपल्या पोरांना उघडं ठेवलं असतं तर?" त्यावर सगळे घरी जाऊन आपापल्या पोरांकडे संशयाने पाहू लागले.

राजाने दरबार भरवला. तो म्हणाला, "ज्याची तेजाईवर पक्की श्रद्धा आहे त्याने उघड्या हातांनी पेटी धरावी आणि माझ्या लेकीला सोडवावं."

सेनापतीचा हात तलवार चालवताना मुरगळला होता. प्रधानाच्या तळव्याला फोड आला होता. पुरोहित म्हणाले, "माझं आज मौन आहे," आणि हे त्यांनी चांगलं खणखणीत आवाजात सांगितलं. मग सगळ्यांनी राजाकडे पाहिलं. राजाने आपल्या हातांकडे पाहिलं आणि ते हळूच शेल्याखाली घेतले. राणीने ते पाहिलं. तिला त्याचा राग यायला हवा होता, पण तिचेही हात पदराखालीच होते.

तेवढ्यात आकाशातून घरघर ऐकू आली. धूम्रकेश मांत्रिक आपल्या जात्यावर बसून दरबारात उतरला. तो जात्यावर बसूनच हिंडत असे, पायी चालल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

"माझी पेटी चुकत नाही," तो म्हणाला. "पण चुकली असेल तर शाप मागे घेईन. माणूस जन्मतः श्रद्धा घेऊन येतो, याची साक्ष आणा. तीन ठिकाणी ती मिळेल असं लोक म्हणतात. हिमकड्यावरचा मुनी हात जोडूनच जन्मला. तळ्यातल्या बेटावर एक बाई आहे, तिला बगळ्यांनी वाढवलं, माणसाने काही शिकवलं नाही. तिसरी सटवाई, जी सहाव्या दिवशी प्रत्येकाच्या कपाळी लिहून जाते. अमावास्येच्या आत या. मोठ्यांचं निराळं, पण त्यानंतर तान्ह्याचा जीव दगडात राहत नाही."

"मी जातो," राजा म्हणाला.

"मी जाते, महाराज," राणी म्हणाली. "तिला तिथे मी ठेवलं."

धूम्रकेशाने जातं दिलं. वाट दाखवायला देवळाच्या पिंपळावरचा भारद्वाज पक्षी आला. तो बोलत असे, आणि सगळ्या भाषा बोलत असे. राणीने सवयीने त्याला हात जोडले, कारण भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो.

"लोक असे हात जोडतात," भारद्वाज म्हणाला, "आणि मी मात्र रोज स्वतःलाच दिसतो. माझे दिवस काही फार बरे जात नाहीत. चला, राणीसाहेब."

राणीने जात्याचा खुंटा घट्ट धरला आणि जातं उडालं.

हिमकड्यावर मुनी बसला होता. वरून बर्फाचा कडा सुटला, मुनीने डोळे न उघडता "थांब" म्हटलं, आणि कडा हवेतच थांबला. राणीने ते पाहिलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. अशी श्रद्धा शिकून येणार आहे थोडीच?

"मुनिवर," ती म्हणाली, "आपण हात जोडून जन्मलात हे खरं?"

"खरं," मुनी म्हणाला. "मला स्पष्ट आठवतं."

"त्याला काय आठवतंय, कपाळ," मागून आवाज आला. गुहेच्या तोंडाशी मुनीची आई लोकर कातत होती. मुनीच्या वरदानाने तिला मरण नव्हतं, आणि त्या गोष्टीला ती अगदी कंटाळली होती. "मुठी आवळून जन्मला हो, सगळी जन्मतात तसा. सासूबाई माझ्याशी बोलत नव्हत्या. त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, हात जोडलेले होते. त्या गावभर सांगत सुटल्या. हाही तेच ऐकत वाढला."

मुनीने डोळे उघडले. हवेतला बर्फाचा कडा एक वीतभर खाली घसरला. मुनीने आईकडे पाहिलं, मग कड्याकडे पाहिलं, आणि जरा वेळाने म्हणाला, "थांब." कडा पुन्हा थांबला.

"आई, तू हे आधी का नाही सांगितलंस?"

"तू कधी विचारलंस?"

राणी जात्यावर येऊन बसली. "म्हणजे खोट्यातून आलेली श्रद्धा," ती म्हणाली, "पण कडा तर खरोखर थांबला. पक्षिराज, मी यातून काय समजायचं?"

"मला विचारू नका," भारद्वाज म्हणाला. "मी फक्त वाट दाखवतो."

ती बेटावर पोचली तेव्हा सूर्य उगवत होता. बगळ्यांच्या रांगेत एक बाई गुडघाभर पाण्यात उभी होती. डोळे उगवतीकडे, अंग निश्चल. ओंजळीत पाणी, ते ती हळूहळू सोडत होती. राणीच्या अंगावर काटा आला. हिला कुणी अर्घ्य शिकवलं? कुणीच नाही. मिळाली साक्ष. राणी तिथेच चिखलात बसली आणि दगड झालेल्या लेकीसाठी इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली.

मग भारद्वाजाने बगळ्यांच्या भाषेत विचारलं आणि बाईचं उत्तर राणीला सांगितलं. "ती म्हणते, आम्ही सगळे असेच उभे राहतो. हललं की मासा पळतो. ओंजळीत मासा नसला की पाणी सोडून द्यायचं."

राणीचे डोळे कोरडे झाले. ती उठून चालू लागली. तोच ती बाई आणखी काही बोलली.

"काय म्हणाली?"

"म्हणते, मासा मिळाल्यावर बगळे निघून जातात, ती मात्र अजून थोडा वेळ उभी राहते. का, ते तिला माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल तर सांगून जा म्हणते."

राणीला ते माहीत नव्हतं. ती बाईजवळ जाऊन पाण्यात उभी राहिली, दोघी सूर्याकडे पाहत राहिल्या, आणि मग राणी निघाली. तिच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. एकीकडून दार बंद होत होतं आणि लगेच दुसरीकडून किलकिलं होत होतं.

सटवाईचं घर जन्माच्या वेशीपाशी होतं. म्हातारी बोरूला टोक काढत बसली होती. राणीने पायांवर डोकं ठेवलं.

"आई, माझ्या लेकीच्या कपाळी तुम्ही सगळं लिहिलंत. श्रद्धाही लिहिली असेल. तेवढं सांगा, म्हणजे ती सुटेल."

सटवाईने बोरू खाली ठेवला. "आयुष्य लिहिते मी. सुखदुःख लिहिते. कुणाच्या हातचं खाईल, कुणाच्या पाठी जाईल, ते लिहिते. हे कधी लिहिलं नाही, बाई. राजाच्या पोराचंही नाही आणि चोराच्या पोराचंही नाही. सगळी कपाळं त्या बाबतीत कोरीच येतात."

"मग नंतर कुणाकुणाच्या मनात ती येते ती कुठून?"

"ते मलाही कुणी सांगितलं नाही. मुलं माझ्याकडून जातात तेव्हा कोरी असतात. मोठी होऊन मला नारळ ठेवायला येतात तेव्हा काहींच्या डोळ्यांत ती असते, काहींच्या नसते. वाटेत काय झालं ते मी पाहिलेलं नाही."

परतीच्या वाटेवर भारद्वाज पहिल्यांदाच आपणहून बोलला. "राणीसाहेब, मुनी हात जोडून जन्मला हे सारं जग म्हणतं. आपण तेवढंच सांगावं. त्याच्या आईचं कशाला काढता? लेक सुटेल."

राणीने खुंटा देवळाकडे वळवला. खोटं बोलायला तिची ना नव्हती. लेकीसाठी तिने याहून मोठं खोटं सांगितलं असतं. पण जातं देवळात उतरलं, समोर पेटीवर लेक दिसली, अर्ध्या उघड्या तोंडाची, आणि तिच्यासमोर राणीच्या तोंडून खोटं निघेना. धूम्रकेशाने विचारलं तेव्हा तिने मुनीची मूठ सांगितली, बगळ्यांचा मासा सांगितला, कोरी कपाळं सांगितली. राजाने डोळे मिटून घेतले.

"म्हणजे पेटी चुकली नाही," धूम्रकेश म्हणाला. "मला शाप मागे घेता येत नाही." तो निघायला वळला, मग घुटमळला. "राणी, एक गोष्ट मलाही कळलेली नाही. पेटी आतल्या आत विचारते, हात लावणाऱ्यालाच ऐकू येतं. चोर खोटं बोलले म्हणून दगड झाले. तान्ह्या मुलाने काय उत्तर दिलं असेल?"

"तुम्ही स्वतः कधी हात लावून पाहिला?"

"मी ती चिमट्याने घडवली," मांत्रिक म्हणाला आणि जात्यावर जाऊन बसला.

राणीने पदर खोचला. राजा पुढे धावला. "कुवलये, तू दगड झालीस तर मी दोघींना मुकेन."

"महाराज, उद्या अमावास्या आहे," राणी म्हणाली आणि तिने उजवा हात पेटीवर ठेवला.

पेटीने विचारलं, "तेजाईवर तुझी श्रद्धा आहे का?"

राणी घाबरली होती. "आहे," ती म्हणाली. बोटं दगड झाली.

पेटीने पुन्हा विचारलं, "श्रद्धा आहे का?"

राणीला संताप आला. माझी तान्ही लेक गिळलीस आणि वर श्रद्धा विचारतेस? "नाही," ती म्हणाली. हात कोपरापर्यंत दगड झाला, कारण तेही खरं नव्हतं. रोज जोडलेले हात, सासूच्या आजारपणात लावलेला दिवा, लेकीसाठी मागितलेलं मागणं, हे सगळं 'नाही'च्या खात्यात जमा करता येत नव्हतं.

पेटीने तिसऱ्यांदा विचारलं. दगड खांद्याकडे सरकत होता. दमल्यासारखी राणी म्हणाली, "मला माहीत नाही."

दगड थांबला. इतक्या वर्षांत पेटीला असं उत्तर कुणी दिलं नव्हतं.

"जन्मलीस तेव्हा होती?"

"नव्हती. भाषा नव्हती, नाव नव्हतं, तेव्हा ही कुठून असणार? नंतर काहीतरी येत गेलं. काय आलं, ते तुला सांगता येत नाही मला."

"मग तुझ्या लेकीकडेही ती नाही. मी तिला का सोडू?"

"तिच्याकडे नाही हे खरं," राणी म्हणाली. "पण तिने नाही म्हटलेलं नाही. तुझा प्रश्नच तिला कळला नाही. जी गोष्ट अजून तिच्या हाती कुणी दिली नाही, ती तिने टाकली असं कसं म्हणतेस?"

पेटी अगदी हळू आवाजात म्हणाली, "राणी, मी धातूची. मला हा प्रश्न शिकवला, त्याचा अर्थ शिकवला नाही. एवढ्यांना विचारलं, पण श्रद्धा म्हणजे काय ते मलाच ठाऊक नाही. तुला ठाऊक असेल तर सांग."

"नाही ठाऊक. मी दगड होईन हे समजून मी तुझ्यावर हात ठेवला. लेक उठेल असं मला कुणी सांगितलेलं नव्हतं. तरी ठेवला. याला काय म्हणायचं ते तू ठरव."

पेटीला ठरवता आलं नाही. ती मधोमध तडकली. राणीचा हात मोकळा झाला, आणि पेटीवरची लेक अर्धवट राहिलेलं रडणं पुढे चालू करून कडाडून रडली. राणीने तिला छातीशी घेतलं आणि तिथेच गाभाऱ्यात बसून पाजलं. पेटीतलं सोनं फरशीवर सांडलं होतं, पण त्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

शाप तुटला तसे जुने चोरही जागे झाले. पेटीपाशी दगड झाल्यावर त्यांना ओढून देवळाच्या मागे टाकलेलं होतं. त्यांतला एक जरा रुबाबदार होता, त्याला लोकांनी कधीतरी शेंदूर फासला होता आणि ते त्याला नवस बोलत. तो उठून बसला, तोंडावर हात फिरवला आणि म्हणाला, "मला एवढं तेल कुणी लावलं?" ज्यांचे नवस त्याला फळले होते ते लोक फार अडचणीत सापडले. काहींनी त्याला पाणी दिलं, काहींनी तरीही नमस्कार केला. चोराने दोन्ही घेतलं आणि गावाची वाट धरली.

राज्य ताळ्यावर आलं. नदी पुन्हा विचारून वळू लागली. सोनं साध्या कुलपात ठेवलं. लेकीचं बारसं झालं, नाव चंपावती ठेवलं, आणि मुलांना कशावरही निजवून पारखायचं नाही, असा राजाने हुकूम काढला. हुकूम काढताना त्याने हात शेल्याबाहेर ठेवले होते. पुरोहित आता बारशाला फार लांबण लावत नाहीत.

आता तुम्ही विचाराल, शेवटी खरं काय निघालं? मला कशाला विचारता? मी सांगितलं ते तुमच्यासमोरच सांगितलं.

चंपावती धावू-बोलू लागली होती तेव्हाची गोष्ट. एका दुपारी ती एकटीच गाभाऱ्यात गेली. राणी शोधत आली तर पोर तेजाईसमोर उभी होती. हात जोडलेले नव्हते. ती देवीशी काहीतरी बोलत होती, मध्येच थांबत होती, पुन्हा बोलत होती. राणी दाराशीच खिळली. हिला हे कुणी शिकवलं? मी तर नाही शिकवलं. का मला पाहून शिकली? का कुणीच नाही शिकवलं? प्रश्न अगदी ओठांवर आला. राणीने तो ओठांवरच ठेवला आणि तिचं बोलणं संपेपर्यंत बाहेर पायरीवर बसून राहिली.